एकच चित्र, दोन निकाल

शाहूपुरीतल्या एका प्रेसमध्ये मी अकरा वर्षं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसले. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, आणि जत्रांचा हंगाम सुरू झाला की कुस्ती मैदानांच्या जाहिराती. आता घरून काम करते. एका डिझाइन शेअरिंग साइटवर लोक टेम्प्लेट, व्हेक्टर, अक्षरं, पोस्टर टाकतात. त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि कुणाची तक्रार खरी मानायची, हे तपासणाऱ्यांपैकी मी एक. साइटचं नाव लिहीत नाही. नोकरीचा प्रश्न आहेच, आणि जे सांगायचंय ते एका साइटपुरतं नाही.

सुरुवात एका पैलवानापासून झाली. कुस्तीची जाहिरात कशी असते हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. वर देवाचं नाव, खाली बक्षिसाची रक्कम, दोन्ही बाजूंना दंड थोपटून उभे असलेले दोन पैलवान, अंगाला लाल माती आणि कमरेला लंगोट. असं एक कोरं टेम्प्लेट इचलकरंजीच्या एका पोरानं साइटवर टाकलं. सॉफ्टवेअरनं ते बाजूला काढलं, आमच्यातल्या कुणीतरी त्यावर शिक्का मारला आणि त्याला निरोप गेला, नग्नता. त्याच दिवशी परदेशातल्या कुणाचं तरी जिमचं पोस्टर बिनबोभाट पास झालं. त्यातला माणूसही उघड्या अंगाचाच होता, फक्त हातात डंबेल होतं. पोरानं उलट लिहिलं, "फोटोत काय वंगाळ हाय ते तरी सांगा, म्हंजे बदलतो."

मी ते टेम्प्लेट परत लावलं आणि विषय संपला असं समजले. पुढच्या आठवड्यात अशीच दुसरी जाहिरात गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. आमच्या नियमावलीत "खेळाडूंचा पोशाख" असं वाक्य होतं आणि खाली पोहण्याचे, धावण्याचे, जिमचे फोटो नमुन्याला होते. लंगोट हा पोशाख आहे हे कुठंच लिहिलं नव्हतं. कोचीत बसलेल्या माझ्या सहकारिणीला ते कुठून कळणार? तिची चूक मी मानत नाही. खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं आणि त्या तांबड्या मातीत शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं लंगोटावर लढतायत, हे माझ्या डोक्यात होतं. नियमाच्या कागदावर नव्हतं. शेवटी एक ओळ आणि दोन फोटो नियमावलीत टाकून घेतले, तेव्हा ते थांबलं.

माझे थोरले मामा गावच्या जत्रेत पंच असायचे. निकाल दिला की ते नुसता हात वर करून बाजूला होत नसत. ज्याची पाठ लागली त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, "हितं आन् हितं टेकलं," असं मैदानाला दाखवायचे. हरलेला पैलवान चिडायचा, त्याचे लोक आरडाओरडा करायचे, पण कशामुळं हरलो हे त्याला कळलेलं असायचं. आम्ही साइटवाले त्या पोराला एका शब्दात घरी पाठवत होतो. कुठला नियम, चित्रातली कुठली जागा, काय बदललं तर चालेल, काही नाही.

हे मागणं माझ्या एकटीचं नाही. २०१८ साली अमेरिकेत काही संस्था आणि अभ्यासकांनी मिळून 'सांता क्लारा तत्त्वं' म्हणून एक छोटा मसुदा काढला. त्यात कंपन्यांकडे तीनच गोष्टी मागितल्या होत्या. किती मजकूर काढला त्याचे आकडे जाहीर करा, ज्याचा काढला त्याला कारण कळवा, आणि अपिलाची सोय ठेवा. युरोपियन संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला. त्यात तर कारण लेखी द्यावं लागतं, निर्णय यंत्रानं घेतला का तेही सांगावं लागतं, आणि तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. म्हणजे पॅरिसच्या डिझायनरला जे कायद्यानं मिळतं ते इचलकरंजीच्या पोराला आमच्या मर्जीनं मिळतं. एकाच साइटवर हा फरक राहावा हे मला पटत नाही.

आता खिद्रापूरची गोष्ट. ही मला जास्त लागली, कारण हिच्यात निकाल देणाऱ्यांपैकी एक मी होते.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी कोपेश्वराचं देऊळ आहे. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतातून ऊन खाली उतरतं, ते बघायला लोक लांबून येतात. एका चित्रकार बाईंनी तिथल्या भिंतींवरच्या सुरसुंदरींची, म्हणजे दगडात कोरलेल्या अप्सरांची, रेखाचित्रं काढली होती. काळ्या शाईची, एकाच जाडीच्या रेघेची. दगड जिथं झिजलाय तिथं त्यांनी रेघ मुद्दाम तुटू दिली होती. एका आकृतीचं नाक गेलंय, एकीचा हात कोपरापासून नाही, ते त्यांनी कल्पनेनं भरलेलं नव्हतं. गळ्यातल्या हारांचे पदर मात्र एकेक मोजून घ्यावेत असे. मंगळवारी ते चित्र माझ्यासमोर आलं, मी शिल्पाचा अभ्यास म्हणून पास केलं. शुक्रवारी त्याच बाईंनी तीच आकृती विटकरी रंगात, कापडावर छापायचं टेम्प्लेट म्हणून टाकली. ती कोचीला गेली आणि प्रौढ मजकूर म्हणून निघाली. त्यांच्या खात्यावर एक स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा शिक्का, बसला.

मी कोचीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, नियम वाच." वाचला. लिहिलं होतं, "अभिजात आणि संग्रहालयातील कलाकृतींना सूट." तिनं बरोबर तेच लावलं होतं. संगमरवरी व्हीनसचं चित्र आलं की ती व्हीनस संग्रहालयात उभी आहे, सूट मिळाली. खिद्रापूरची सुरसुंदरी उन्हापावसात देवळाच्या भिंतीवर उभी आहे, सूट नाही. ज्यानं ते वाक्य लिहिलं त्याच्या मनात आकस नसणार. जुनी कला म्हणजे छताखालची, पाटी लावलेली, एवढंच त्यानं पाहिलं होतं. पण त्या एका शब्दानं खजुराहो, कोणार्क, खिद्रापूर, सगळं बाहेर पडलं.

मोठ्यांकडूनही हे झालंय. फेसबुकनं 'व्हीनस ऑफ विलेनडॉर्फ' या हजारो वर्षं जुन्या मूर्तीचा फोटो काढला होता आणि २०१८ साली त्याबद्दल माफी मागितली. २०१६ साली व्हिएतनाम युद्धातला नापाम हल्ल्यातून पळणाऱ्या मुलीचा जगप्रसिद्ध फोटो त्यांनी काढला आणि ओरड झाल्यावर परत लावला. ओरड झाल्यावर, हे शब्द मला टोचतात. त्या फोटोसाठी नॉर्वेच्या पंतप्रधान पुढं आल्या. आमच्या चित्रकार बाईंसाठी कोण येणार?

आपल्या कोल्हापूरला कात्री नवी नाही. बाबूराव पेंटरांच्या १९२० सालच्या मूकपटातलं कीचकवधाचं दृश्य फार भयंकर आहे म्हणून सेन्सॉरनं कापायला लावलं होतं. पण निदान कुणी कापलं आणि कोणतं दृश्य कापलं हे शंभर वर्षांनी आज मला सांगता येतं. आमच्याकडं शुक्रवारी कोणतं चित्र का गेलं, हे सोमवारी सांगता येत नव्हतं.

मग मी आमच्या टीमच्या प्रमुखांकडे हट्ट धरला. जुनी ऐंशी प्रकरणं निवडली, त्यांवरचे जुने निकाल झाकले, आणि मी, कोचीची सहकारी आणि इंदूरची एक अशा तिघींनी एकमेकींना न विचारता ती सोडवली. तेवीस ठिकाणी आमचं जमलं नाही. प्रमुख म्हणाले, "ऐंशीत सत्तावन म्हणजे चांगलंच की." मी म्हटलं, नाही. त्या ऐंशीतली बरीचशी चित्रं अशी होती की ती कुणीही पासच करेल, गणपतीचं, फुलांच्या वेलीचं, वाढदिवसाच्या केकचं. डोळे मिटून "पास, पास" म्हणत गेलं तरी त्यांवर एकमत होणारच. संख्याशास्त्रात यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली कप्पा नावाचं माप दिलं आहे. योगायोगानं जेवढं एकमत होईल तेवढं वजा करायचं आणि उरेल ते खरं एकमत धरायचं. तसं मोजल्यावर आमचा आकडा पाहून खोलीत, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, कुणी बोलेना.

त्या तेवीस चित्रांची यादी नुसती वाचली तरी पुरे होती. देवळातली शिल्पं. लंगोट. रांगोळीतलं स्वस्तिक, जे नाझी चिन्ह म्हणून दोनदा निघालं होतं. गळ्यात कवड्यांची माळ घातलेली जोगतीण. तिरडीचा फोटो असलेलं श्रद्धांजलीचं टेम्प्लेट. जे चित्र ज्या गावात रोज दिसतं तिथल्या माणसाला त्यात काही वाटत नाही, आणि लांबच्याला ते अंगावर येतं. आता आम्ही दर महिन्याला अशी फेरी करतो, जिथं जमत नाही तिथं भांडतो, आणि जे ठरतं ते नमुन्यासकट लिहून ठेवतो. वेळ जातो, टार्गेट मागं पडतं. त्याचे पैसे कुणी देत नाही, हेही सांगून ठेवते.

आणि आता माझी चूक.

जुलै २०२४. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती आणि ४३ फुटांची धोका पातळी कधी गाठते याकडं अख्ख्या शहराचा जीव लागला होता. लाइट येत-जात होती. माझ्या रांगेत चाळीसेक तक्रारी पडलेल्या. त्यातली एक नीटनेटकी, वकिली इंग्रजीतली. एका मोठ्या विक्रेत्या खात्याची. म्हणणं असं की कोल्हापुरी चपलेच्या वेणीचं आमचं मूळ डिझाइन अमुक खात्यानं चोरलं. मी दोन्ही फायली उघडल्या. हुबेहूब. तारखा पाहिल्या. विक्रेत्याची फेब्रुवारीतली, दुसऱ्याची जूनमधली. काढून टाकली. मिनिटही लागलं नसेल.

ज्याची काढली तो सुभाषनगरातला मुलगा होता. मला ते माहीत नव्हतं, खात्याचं नाव इंग्रजीत होतं. त्याचं अपील मराठीत आलं म्हणून ते आधी कुठल्या तरी स्वयंचलित उत्तरात अडकलं, मग भाषांतरासाठी फिरत फिरत तीन आठवड्यांनी माझ्याकडेच आलं. माझ्याच निकालावरचं अपील माझ्याकडं. त्यानं लिहिलं होतं, "मॅडम, ही वेणी आमचा आज्जा घालायचा. वडिलांचा नमुना बघून मी काढलीया. फोटो जोडलाय, बघून घ्या."

फोटो मोठा करून बघितला. जुन्या कापशी चपलेचा पट्टा, चामड्याच्या बारीक पट्ट्यांची तिपेडी वेणी, दोन्ही बाजूंना कान. वेणीच्या कडेनं आरीनं पाडलेली भोकं एका ओळीत. डावीकडून तिसरं भोक ओळीच्या जरा बाहेर. वडिलांचा हात तिथं हलला असणार. मुलानं ट्रेस करताना ते भोक तसंच ठेवलं होतं, बाहेरच. मग मी विक्रेत्याची फाईल उघडली. त्यांच्या 'मूळ' डिझाइनमध्येही डावीकडून तिसरं भोक बाहेर होतं.

मुलानं ते रेखाटन आदल्या दिवाळीत स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेलं होतं, तारखेसकट दिसत होतं. विक्रेत्यानं तिथून उचललं आणि आमच्याकडं आधी टाकलं, एवढंच. मी आमच्या साइटवरची तारीख पाहिली आणि तिलाच जन्मतारीख समजले. त्या पोराला एक प्रश्न विचारला असता तर हे सगळं त्याच दिवशी कळलं असतं.

कायद्यात विचारायची जागा आहे. भारतीय कॉपीराइट नियम २०१३ प्रमाणे अशी तक्रार आली की साइटनं ३६ तासांत ती सामग्री थांबवायची, पण तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती परत खुली करता येते. म्हणजे थांबवणं हे तात्पुरतं असतं, सिद्ध करायचं ओझं तक्रार करणाऱ्यावर असतं. आमच्याकडं काढलं की काढलं, आणि ओझं त्या पोरावर. वर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट. रजिस्टर होऊ शकणारं पण रजिस्टर न केलेलं डिझाइन वस्तूवर लावून कारखानी पद्धतीनं पन्नासपेक्षा जास्त नग काढले, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या वेणीवर तर 'आमचं मूळ डिझाइन' असा दावा मुळातच कुणी कसा करणार? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी, एका दुकानासाठी नव्हे. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. त्या संध्याकाळी आठवलं नाही, कारण तक्रार इंग्रजीत होती, व्यवस्थित होती, आणि खातं मोठं होतं.

ते शेवटचं मी स्वतःशी कबूल करायला बरेच दिवस घेतले. मोठ्या खात्याच्या शब्दाला जास्त वजन देणं हे काही माझ्या एकटीचं नाही. फेसबुकवर नामवंतांच्या पोस्टसाठी वेगळी, सांभाळून घेणारी तपासणी चालते हे २०२१ साली उघड झालं आणि त्यांच्याच निकालांची तपासणी करणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डानं २०२२ च्या डिसेंबरात त्यावर ताशेरे ओढले. आमच्याकडं तशी कुठली लेखी यादी नाही. पण विक्रीचा आकडा खात्याच्या नावाशेजारी दिसतो, आणि तो दिसला की हात आपोआप जपून चालतो. मी मागणी केली की तपासणाऱ्याला तो आकडा दिसूच नये. गेल्या वर्षीपासून दिसत नाही. अपीलही आता पहिला निकाल देणाऱ्याकडं जात नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला आपल्या गावाचं नावही घेतलं नाही, तेव्हा सगळं कोल्हापूर पेटलं. ते योग्यच होतं. पुढं कंपनीनं भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत शेजारी, नातेवाईक, सगळे मला विचारायचे, तू त्या लाइनमधली आहेस ना, तुझं काय मत? मला त्या पोराचं तिसरं भोक आठवायचं. प्राडाचं नाव तरी होतं म्हणून गाव एकत्र आलं. मी घरात बसून एका क्लिकनं त्याच्या आज्ज्याची वेणी दुसऱ्याच्या नावावर करून टाकली होती आणि गल्लीतही कुणाला पत्ता नव्हता.

त्याचं रेखाटन मी अपील आलं त्याच दिवशी परत लावलं, माफीचं मराठीत लिहिलं. विक्रेत्याच्या खात्यावर फक्त एक समज नोंदवली गेली. पोराच्या खात्यावरचा स्ट्राइक मात्र अजून आहे. चित्र परत आलं, शिक्का राहिला, कारण आमच्या सिस्टिममध्ये अपील मान्य झाल्यावर स्ट्राइक आपोआप उतरत नाही, तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि तो अधिकार माझ्याकडं नाही. तीनदा लिहिलंय. खिद्रापूरच्या बाईंचा उतरला, याचा नाही. का, ते मला कुणी सांगितलेलं नाही. परवा चौथ्यांदा लिहिलं, दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून.

स्ट्राइक असलेल्या खात्याचं नवं काम आधी तपासणीला येतं. कालच त्याचं एक आलं. पुकरी चपलेचा पट्टा, या वेळी गोंड्यासकट, खाली बारीक अक्षरात वडिलांचं नाव आणि नमुना किती सालचा ते. पूर्ण उघडून बघायचा मोह झाला. उघडलं नाही. हा मुलगा आता माझ्या ओळखीचा झालाय, त्याच्याबाबतीत माझा हात झुकणार. इंदूरकडं पाठवलं, सोबत एवढंच लिहिलं की हे खातं मी आधी चुकीचं ठरवलं होतं, तेव्हा निकाल तू दे, कारण लिहून दे. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.